मुराळी स्पेशल

हिंमतराव पाटलांना कोणालाही ‘नाही’ म्हणता येत नसे, आणि या दुबळेपणाला ते मनाचा मोठेपणा म्हणत. शहाद्याच्या एका शिक्षणसंस्थेत हेडक्लार्क म्हणून उभी हयात काढली, पण ‘तुमचं काम होणार नाही’ हे वाक्य त्यांनी एकाही माणसाच्या तोंडावर उच्चारलं नाही. ‘बघू’, ‘करू’, ‘हो हो’ यावर सगळा कारभार. लोक फेऱ्या मारून मारून आपसूक थकत आणि वर म्हणत, माणूस गोड आहे. असल्या गोड माणसानं प्रवासाला निघू नये. निघालंच, तर निदान ट्रॅव्हल्सवाल्यांच्या नजरेला पडू नये.

पण हा प्रवास टळणारा नव्हता. एकुलती एक लेक रुपा हिवाळ्यात लग्न होऊन पुण्याला गेली होती आणि ही तिची पहिली आखाजी होती. खान्देशात राहून ज्याला आखाजी समजावून सांगावी लागते त्यानं सरळ पान उलटावं. बाहेरच्यांसाठी एवढंच सांगतो, की आखाजीला सासरी गेलेली लेक माहेरी येते, झोक्यावर बसते, गाणी म्हणते, सांजोऱ्या खाते आणि सासूबद्दल पोटभर बोलते. मात्र ती आपली आपण येत नाही. माहेरचं माणूस तिला घ्यायला जातं. तो मुराळी. मुराळी म्हणजे खरं तर भाऊ, पण रुपाला भाऊ नाही, म्हणून बाप.

रुपा पुण्यात एका कंपनीत कामाला, रोज एकटी शहरभर फिरणारी. तिला आणायला बाप कशाला, असं कोणी विचारेल. तिच्या सासूबाईंना, म्हणजे वत्सलाबाईंना विचारून बघा. वत्सलाबाई पुण्यात राहून राहून पुणेरी साड्या नेसायला लागल्या, पण मूळच्या तळोद्याच्या, आणि बोलणं अजून तळोद्याचंच.

“याही,” त्या आपल्या व्याह्यांना, हिंमतरावांना, फोनवर म्हणाल्या, “मुराळी उना तं पोर धाडसू. नही उना तं शनिवारे पहाटे आम्ही आम्हना गावले निंघसूत, रुपा बी आम्हनासंगे. मुराळी कोनले येस आनि कोनले नही, ते माले पुरं ठाऊक शे.”

शेवटचं वाक्य हिंमतरावांना टोमणा वाटलं. ते म्हणाले, “हो हो.”

आता पुण्याला जायचं कसं? नंदुरबार जिल्ह्याला रेल्वे आहे, ही गोष्ट पुढारी दर निवडणुकीत अशी सांगतात, जणू रूळ त्यांनी स्वतःच्या खांद्यावर वाहून आणले. आहे ना रेल्वे. पण ती सुरतेला जाते, नाहीतर भुसावळला. पुणं दक्षिणेला आहे आणि रेल्वेला दक्षिण ही दिशा माहीत नाही. तरी शेजारच्या कामिनी मॅडमनी सल्ला दिलाच, की आधी सुरतेला जा, तिथून मुंबई, तिथून पुणं. म्हणजे कोपरावर बसलेला डास मारायला डोक्यामागून हात न्यायचा.

दुसरे शेजारी उदेसिंग पावरा. धडगावकडच्या डोंगरातले, एसटीत कंडक्टर म्हणून लागून वाहतूक नियंत्रक होऊन निवृत्त झालेले. ओट्यावर बसून ते रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीकडे अजूनही ड्युटीवर असल्यासारखं बघत.

“साहेब, लाल गाडी,” ते म्हणाले. “उशिरा निघते, पण निघते.”

हिंमतराव हसले. सरकारी माणूस, सरकारचीच बाजू घेणार. स्वतः अनुदानावर पगार खाल्लेल्या माणसानं हे हसू हसावं, हा आमच्याकडचा चमत्कार आहे.

खरा घोळ संध्याकाळी सुरू झाला. शहाद्यातून पुण्याला दोन ट्रॅव्हल्स धावत. एक ‘पंचकल्याणी’, मालक सारंगखेड्याचा, घोडेबाजारातल्या दलालीतून बसच्या धंद्यात आलेला, त्यामुळे बसची जाहिरातही घोड्यासारखी करायचा: दात बघा, चाल बघा. दुसरी ‘सूर्यकन्या’. दोघांचं वैर एवढं, की एकानं गाडीत चादर दिली की दुसरा उशी देई, आणि हंगाम संपला की दोघं दोन्ही काढून घेत. यंदा पंचकल्याणीनं ‘मुराळी स्पेशल’ काढली. तिकिटासोबत मुराळ्याला पांढरी टोपी मोफत. लगेच सूर्यकन्येचा फलक लागला: ‘माहेरवाशीण पॅकेज’, परतीला लेकीला बांगड्या मोफत. शेकडो वर्षं आया-बायांनी जपलेला सण या दोघांनी एका आठवड्यात साबणाच्या वडीसारखा विकायला काढला, आणि आम्ही फलकाखाली उभं राहून फोटो काढले.

पंचकल्याणीचा एजंट जगदीश, हिंमतरावांच्या भावकीतला पुतण्या. तो येऊन पाय धरून बसला.

“आबा, तुम्ही बठनात तं आख्खी कॉलनी बठस. दुसरानी गाडीमा गयात तं मी भाऊबंदमा तोंड कसं दखाडू?”

“हो हो,” हिंमतराव म्हणाले. “तुन्हीच गाडी.” आणि टोपी घालून बघितली. टोपीवर कपाळाच्या मधोमध धावता घोडा होता, आणि खाली ‘पंचकल्याणी ट्रॅव्हल्स, बसा आणि उडा’.

त्याच वेळी मागच्या दारी, स्वयंपाकघरात, सूर्यकन्येचा एजंट ईश्वर चहा पीत होता. ईश्वर म्हसावदचा, म्हणजे हिंमतरावांच्या बायकोच्या, प्रमिलाबाईंच्या माहेरचा, नात्यानं त्यांचा चुलतभाऊ.

“ताई, म्हसावदना मानूस गाडीना धंदा करस, आनि बहीनना घरना मानसं दुसरानी गाडीमा जातस?”

प्रमिलाबाईंनी माहेरच्या माणसाला आयुष्यात कधी रिकाम्या हातानं परत पाठवलं नव्हतं. त्यांनी शब्द दिला.

रात्री जेवताना एकाच घरातले दोन शब्द समोरासमोर आले.

“मी जगदीशले सबद दिधा शे.”

“आनि मी भाऊले दिधा शे.”

“मंग?”

“मंग काय? तुम्ही तुम्हना सबदमा जा, मी मन्हा सबदमा येस.”

“बाई कधी मुराळी व्हस का?”

“आते व्हस,” प्रमिलाबाई म्हणाल्या आणि ताट उचलून गेल्या.

एखाद्या शहाण्या माणसानं इथंच एकाला नकार दिला असता. पण भाऊबंदाला नकार दिला तर पुढच्या लग्नात पंगतीला तो वाढायला येत नाही, आणि बायकोच्या माहेराला नकार दिला तर घरात जेवायला वाढत नाहीत. ठरलं. एका लेकीसाठी दोन मुराळी, दोन गाड्यांतून.

गाड्या सुटायची वेळ रात्री नऊ. शुक्रवारी निघायचं, शनिवारी पहाटे वत्सलाबाई निघायच्या आत रुपाला हाती घ्यायचं. पण सूर्यकन्येनं जाहीर केलं, आम्ही साडेआठला निघणार, पुण्यात आधी पोहोचणार. पंचकल्याणीनं आठ केले. सूर्यकन्या सातवर आली. दोन दिवस हे भाव पडत गेले. जगदीश फोन करी, “आबा, आते सहा.” मागच्या दारी ईश्वर सांगे, “ताई, आम्हनी पाचले.” आणि प्रत्येक बदलाला हिंमतराव रुपाला फोन करून नवी वेळ कळवत. सातव्या की आठव्या फोनला पलीकडून वत्सलाबाईंचा आवाज आला, “तुन्हा बाप निंघस का नुसता फोनच करस?” शेवटी दोन्ही रातराण्या शुक्रवारी भर दुपारी बारावर येऊन थांबल्या. असंच मागे सरकत राहिलं असतं तर आदल्या दिवसात शिरावं लागलं असतं, म्हणून थांबल्या.

वैशाखातली दुपार. नंदुरबार जिल्ह्यातली. या वेळेला कुत्रं गटारीतून बाहेर येत नाही. आणि हिंमतराव पाटील, हेडक्लार्क, डोक्यावर घोड्याची टोपी घालून, पंचकल्याणीच्या वरच्या बर्थवर आडवे झाले होते. खालचा बर्थ कबूल झाला होता. तो एका आमदाराच्या भाच्याला गेला. वर छत तव्यासारखं तापलेलं. एसीच्या जाळीतून हवा येत नव्हती, फक्त आवाज येत होता. मोबाईल चार्ज करायचं भोक होतं, वीज नव्हती. समोर रस्त्याच्या पलीकडे सूर्यकन्या उभी होती, आणि तिच्या वरच्या खिडकीत प्रमिलाबाई.

बारा वाजले. दोन्ही गाड्यांची इंजिनं सुरू झाली. क्लिनर ओरडले, “चला, पुनं, पुनं, पुनं! लगेच, लगेच!” आणि कोणीच निघालं नाही.

याचं कारण असं, की जो आधी निघेल त्याचे उशिरा येणारे पॅसेंजर दुसरा उचलणार. आधी निघायची जाहिरात करायला दोघं तयार होते. आधी निघायला एकही नाही. मग पंचकल्याणीनं चाक एक हात पुढे टाकलं, सूर्यकन्येनं एक हात टाकलं, दोघं थांबले. अर्ध्या तासानं पुन्हा एक हात. शहाद्याच्या स्टँडसमोर दोन गाड्या अंगणात पहिल्यांदा भेटलेल्या दोन बोक्यांसारख्या एकमेकींकडे बघत गुरगुरत राहिल्या, आणि आत माणसं शिजत राहिली.

हिंमतरावांचा फोन वाजला. पलीकडची खिडकी बोलत होती.

“जेवनात का?”

“डबा तुन्हाजोडे शे.”

“आनि पानीनी बाटली तुम्हनाजोडे.”

“मंग उतरी ये नि लई जा.”

“मी उतरनू आनि गाडी निंघी गयी मंग? तुम्ही या.”

“मन्हीबी निंघी ऱ्हायनी, आते, लगेच.”

दोघं उपाशी-तहानलेले, रुंद रस्त्याच्या दोन काठांवर पडून राहिले. उदेसिंग समोरच्या रसवंतीवर बसून उसाचा रस पीत हा देखावा बघत होते. त्यांनी हात केला. हिंमतरावांनी टोपी डोळ्यांवर ओढून झोपल्याचं सोंग घेतलं. अब्रू राखण्यासाठी माणूस जे काही करतो त्यात झोपेचं सोंग सगळ्यात स्वस्त.

तीनच्या सुमारास रुपाचा फोन आला. “पप्पा, कुठपर्यंत आलात?”

हिंमतरावांनी खिडकीबाहेर बघितलं. तेच स्टँड, तीच रसवंती, तेच उदेसिंग. याहीनबाईंच्या घरात ही बातमी गेली, की मुराळी अजून शहाद्यातच पडून आहे, तर पहाटे लेक त्यांच्या गावाला निघून जाणार. आणि जन्मभर ऐकावं लागणार, ते वेगळं.

“धुळं सोडलं,” ते म्हणाले.

“सोडलं? पप्पा थांबा, ऐका ना, आम्ही तर...”

“रेंज जाई ऱ्हायनी बेटा, रेंज...” असं तीनदा म्हणून त्यांनी फोन बंद केला आणि कपाळावरचा घाम घोड्यानं पुसला.

रुपानं आईला फोन लावला. आईला आधी एकच माहिती हवी होती. “तुन्हा बाप काय सांगस?”

“धुळं सोडलं म्हणतात.”

प्रमिलाबाईंनी समोरच्या खिडकीकडे एक नजर टाकली. म्हसावदच्या माणसाची गाडी मागे पडल्याचं त्या स्वतःच्या तोंडानं सांगणार नव्हत्या. “आम्हनी पुढे शे,” त्या म्हणाल्या. “मालेगाव उनं.” आणि त्यांचीही रेंज गेली.

त्यानंतर रुपाचे किती फोन आले, दोघांनीही घेतले नाहीत. खोटं एकदा बोलता येतं. ते सांभाळायला वेगळी बुद्धी लागते, आणि ती उन्हात वितळली होती.

अखेर साडेतीनच्या पुढे कधीतरी मालकांचे फोन आले असतील, काय झालं देव जाणे, पण दोन्ही गाड्या एकदम सुटल्या. सुटल्या म्हणजे उधळल्याच. सारंगखेड्यापर्यंत कधी घोडा पुढे, कधी सूर्याची कन्या. हिंमतराव बर्थवर इकडून तिकडे गडगडत होते. रस्त्यात खड्डे आहेत असं लिहिलं तर खोटं होईल; खड्ड्यांत मधून मधून थोडा रस्ता आहे, आणि तेवढ्यासाठीही उद्घाटनाचा दगड रोवलेला आहे.

सारंगखेड्याला तापीचा पूल. पुलाच्या तोंडाशी पपईनं भरलेली पिकअप हळूहळू चाललेली. तिला दोन्ही गाड्यांनी एकदम दोन बाजूंनी गाठलं. पिकअप निसटली. गाड्या मात्र शेजारी शेजारी पुलाच्या तोंडात घुसल्या आणि काड्कन आवाज होऊन दोघींचे आरसे एकमेकांत अडकले. पुढे जाता येईना, आणि मागे कोणी येईना. दोन्ही ड्रायव्हर खाली उतरले.

“मागे ले!”

“तू ले!”

“मन्हा मालक सांगस, मागे लिधी तं सकायपासून येऊ नको!”

“मन्हाबी तेच सांगस!”

आपल्याकडे एवढ्यावरून सरकारं अडून बसतात, या तर नुसत्या बस होत्या.

हिंमतरावांनी खिडकीची काच सरकवली. हातभर अंतरावर दुसरी खिडकी होती आणि तिच्यात प्रमिलाबाई. चेहरा लालबुंद, पदर ओला. मग प्रमिलाबाईंनी डबा उघडला, कळण्याच्या भाकरीचा तुकडा मोडून, त्यावर ठेचा ठेवून खिडकीतून दिला. हिंमतरावांनी पाण्याची बाटली दिली. पाणी चहाइतकं गरम होतं. त्या घटाघटा प्यायल्या.

“तुन्ही गाडी चांगली शे का?” हिंमतरावांनी विचारलं.

“एसी गळस. पुरी वल्ली व्हयी गयू. तुम्हनी?”

“आम्हनं एसी चालूच नही.”

दिवसभरात त्या घरात पहिल्यांदा कोणी खरं बोललं होतं. प्रमिलाबाईंना हसू फुटलं. मग हिंमतरावांनाही फुटलं. आणि हसता हसता त्यांची नजर उतरत्या उन्हाकडे गेली.

“पोर जाई आते हातमाइन,” ते म्हणाले. “पहिली आखाजी.”

प्रमिलाबाईंनी दुसरा तुकडा मोडायला घेतला होता, तो तसाच हातात राहिला.

“पप्पा!”

आवाज खालून आला होता. हिंमतरावांनी वाकून बघितलं. दोन गाड्यांच्या फटीत रुपा उभी होती, खांद्याला पिशवी. तिच्यामागे, डोक्यावर पदर आणि हातात चप्पल घेतलेल्या वत्सलाबाई. पलीकडे पुलावर धुळ्याहून आलेली लाल गाडी अडकून उभी होती आणि तिचे प्रवासी उतरून चालत येत होते.

वत्सलाबाईंनी मान वर करून आधी एक खिडकी बघितली, मग दुसरी.

“एक मुराळी धुळाना पुढे,” त्या म्हणाल्या. “एक मुराळी मालेगावले. मंग आठे सारंगखेडाले ह्या कोन शेतस?”

दोन्ही बसच्या खिडक्यांतून माणसं हसली. पुलावरची पायी येणारी माणसंही हसली. हिंमतराव वरच्या बर्थवरून उलट्या पायांनी उतरले. त्या शिडीवरून अब्रूसकट उतरता येत नाही. त्यांचा पायजमा अडकला आणि आमदाराच्या भाच्यानं तो सोडवला.

“पप्पा, मी पहाटेच निघाले,” रुपा सांगायला लागली. “तुम्ही दर तासाला नवी वेळ कळवत होतात. म्हटलं, यांची गाडी निघेपर्यंत आखाजी होऊन जाईल. धुळ्याच्या स्टँडवरून फोन केला, की आम्ही इथं आहोत, इथंच भेटा, तर तुम्ही धुळं सोडलेलं. मम्मी मालेगावला. मी घाबरलेच. म्हणून उदेसिंग काकांना फोन लावला. ते म्हणाले, दोघं शहाद्यातच आहेत, समोर दिसतायत, साहेब झोपलेत पण टोपी हलतेय.”

हिंमतराव टोपीकडे बघणार होते, पण ती डोक्यावर होती. ते याहीनबाईंकडे वळले. “पन तुम्ही तं बोलनात, मुराळीबगर पोर धाडाव नही...”

वत्सलाबाईंनी चप्पल खाली टाकून पायात घातली. उत्तर रुपानं दिलं, सासूबाईंकडे हात करून.

“मी यांना विचारलं, तुम्हाला आखाजीला कोण घ्यायला येतं? म्हणाल्या, कोणी नाही. यांच्या भावाशी, तळोद्याच्या मामांशी, शेताच्या वाटणीवरून बोलणं तुटलंय, तेव्हापासून मुराळी आलाच नाही. मग मी मामींना फोन लावला. त्या फोनवरच रडायला लागल्या, म्हणाल्या, घेऊन ये. म्हणून मीच आले घेऊन.” ती आईच्या खिडकीकडे बघून म्हणाली, “सून चालते ना मुराळी?”

“चालस,” खिडकीतून प्रमिलाबाई ठामपणे म्हणाल्या. त्या विषयातल्या त्या आता जाणकार होत्या.

‘मुराळी कोनले येस आनि कोनले नही, ते माले पुरं ठाऊक शे.’ हिंमतरावांना तो टोमणा आठवला, आणि तो टोमणा नव्हता हे आता कळलं. हेडक्लार्कला अर्जाचा अर्थ नेहमी उशिराच कळतो.

एवढ्यात दोन मोटरसायकली धुरळा उडवत आल्या. एकीवर जगदीश, दुसरीवर ईश्वर. गाड्या अडकल्याचं त्यांना दुःख नव्हतं. गिऱ्हाईक पायी चाललंय याचं होतं. कारण पुलापाशी काळीपिवळी जीपवाले आले होते आणि दोन्ही कंपन्यांचे पॅसेंजर शांतपणे भरत होते. त्यांनी ना टोपी वाटली होती, ना बांगडी.

“आबा, जीपमा नका बसू! लेकले आम्हनी गाडीना पुढे उभं करा, एक फोटो! मुराळी आनि लेक, पंचकल्याणीसंगे! परतीनं तिकीट फुकट!”

“दाजी, बांगड्या तं आम्हना शेतस! लेक माहेरवाशीण पॅकेजनी! आनि सकाय याहीनबाईले तळोदाले आम्ही सोडसूत, दारले गाडी!”

“तळोदाले आम्ही सोडसूत!”

“आम्ही!”

दोघं हिंमतरावांच्या दोन दंडांना धरून उभे राहिले. एक भाऊबंद, एक बायकोचं माहेर. हिंमतरावांचं तोंड सवयीनं ‘हो’साठी उघडलं. प्रमिलाबाई गाडीतून उतरून आल्या होत्या आणि बघत होत्या. रुपा बघत होती. वत्सलाबाई तर बघतच होत्या.

“नही,” हिंमतराव म्हणाले.

जगदीशला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “काय, आबा?”

“नही. फोटो नही. बांगडी नही. तुन्ही गाडी नही, आनि तुन्हीबी नही.” हा शब्द त्यांनी लागोपाठ इतक्या वेळा वापरला, की त्याची चव त्यांना आवडायला लागली असावी. “नही,” असं त्यांनी आणखी एकदा, कोणी काही न विचारता म्हटलं.

मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. घोड्याकडे बघितलं. टोपी उलटी केली, तसा घोडा आत गेला, ‘बसा आणि उडा’ही आत गेलं, आणि बाहेर कोरा पांढरा कपडा राहिला. ती त्यांनी झटकून रुपाच्या डोक्यावर ठेवली. मोठी झाली, कानांवर आली. रुपानं ती काढली नाही.

प्रमिलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि धूळ फार आहे असं काहीतरी म्हणाल्या. मागे दोन्ही ड्रायव्हर अजून भांडत होते, “मागे ले!” “तू ले!”, आणि दोन्ही रिकाम्या गाड्यांचे क्लिनर, सवय म्हणून, ओरडतच होते, “पुनं, पुनं, लगेच, लगेच!”

वत्सलाबाई जीपमध्ये चढल्या, ऐसपैस बसल्या, आणि बाहेर हात करून हाक मारली.

“चाल मुराळी, उशीर व्हयी ऱ्हायना!”

हिंमतराव आणि प्रमिलाबाई दोघंही एकदम पुढे झाले.

“तुम्ही नही वं,” वत्सलाबाई म्हणाल्या. “मन्हा मुराळीले बलावस.”